खांदेरी १६७९ की खांदेरी २६७९?

थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी-उंदेरी ही बेटं समोरच दिसतात, त्यामुळे खेळण्यातली जहाजं घेऊन टेबलावर कुठली लढाई मांडायची हा प्रश्नच नव्हता. वाद झाला तो काळावरून: खांदेरीसाठी मराठे आणि इंग्रज खरोखर लढले ते १६७९, की हजार वर्षांनंतरचं, अवकाशातलं २६७९?

१६७९ च्या डावाचा सगळा जीव वाऱ्यात. दर फेरीला वाऱ्याचा फासा टाकायचा. वारा पडला की इंग्रजांचं ‘रिव्हेंज’ जहाज जागीच डुलत बसतं आणि मराठ्यांची गलबतं वल्ही मारत बेटावर रसद पोचवतात. निळी चादर, करवंटीचं बेट, बोटाच्या पेराएवढी जहाजं. (पावसाळ्यात रंग वाळतच नाही, ते वेगळं.)

भाचा म्हणाला, “मामा, खांदेरीचा लघुग्रह करूया ना!” करवंटी राखाडी रंगवली. पण अवकाशात वारा कुठला आणायचा? मग नियम काढला: मोठ्या यानाला इंजिन तापवायला एक फेरी लागणार, छोट्यांना नाही. चालतं, पण वाऱ्याची मजा नाही.

एका बाबतीत मात्र भाचा जिंकला. जानेवारी १६८० मध्ये तिसऱ्याच कुणी, जंजिऱ्याच्या सिद्दीने, उंदेरी घेतली हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत, म्हणून ऐतिहासिक डावात जो तो पहिल्याच फेरीला उंदेरीवर पहारा बसवतो. अवकाशात तिसरा खेळाडू कुठल्या खडकामागून येईल, कुणाला ठाऊक! परवा माझीच रसद लुटली गेली.