अमेरिकन स्नोचा "दिवसाच्या शिफ्टचा" जॉब घेताय? डिपॉझिट भरायच्या आधी माझं ऐका

परवा ठाण्यातल्या आमच्या जॉबच्या वॉट्सअप ग्रुपवर तीच जाहिरात पुन्हा आली, शब्द न् शब्द तोच, "अमेरिकन प्रॉपर्टी मॅनेजमेंट, स्नो सीझन, घरून काम, दिवसाची शिफ्ट, महिलांना प्राधान्य", आणि माझ्या पोटात गोळाच आला. गेल्या हिवाळ्यात मी ह्याच कामात फसलेय. लांब होईल पण वाचा, खास करून ज्या मुली, बायका लहान मुलं सांभाळून घरून काही मिळतंय का बघतायत त्यांनी.

आधी एक सांगते, काम ह्या जगात खरंच असतं. अमेरिकेत जिथे बर्फ पडतो तिथले प्रॉपर्टी मॅनेजर म्हणजे दुकानांची पार्किंग, ऑफिसं, अपार्टमेंट सांभाळणारे लोक थंडी सुरू व्हायच्या आधीच स्नो काढायचं कॉन्ट्रॅक्ट देऊन ठेवतात, आपल्या सोसायट्या मे महिन्यात टेरेस आणि गटारं उरकून घेतात तसंच. काही कॉन्ट्रॅक्ट पूर्ण सीझनचं एकरकमी असतं, काही पुशवर, म्हणजे पुढे प्लाऊ (बर्फ ढकलायचं पातं) लावलेला ट्रक जितक्या वेळा पार्किंग साफ करेल तितक्या वेळचे पैसे. त्यात ट्रिगर ठरलेला असतो, आमच्याकडे २ इंच होता, तेवढा स्नो साठला की ट्रक निघालाच पाहिजे. बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्याचं बिल वेगळं. आणि प्रत्येक फेरीचा लॉग म्हणजे नोंद, ती घरून भरायची हेच माझं काम, ट्रक किती वाजता आला, किती इंच होता, टेंपरेचर काय, मीठ किती पोती, आधीचा फोटो, नंतरचा फोटो. कारण तिकडे कोणी बर्फावरून घसरून पडलं तर मालकावर केस होते आणि मग हा लॉगच पुरावा म्हणून पुढे येतो. हे मला काम घेताना कोणी सांगितलं नाही.

दिवसाची शिफ्ट पण खरी होती. दुकानं उघडायच्या आत पार्किंग मोकळी लागते म्हणून ट्रक रात्री फिरतात, आणि थंडीत न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असतं, त्यामुळे त्यांचे रात्रीचे ९ म्हणजे आपले सकाळचे साडेसात आणि त्यांचे पहाटेचे ६ म्हणजे आपले दुपारचे साडेचार. मुलीला शाळेत सोडायचं, लॅपटॉप उघडायचा, ती आली की बंद करायचा. मला तर देवच पावला असं वाटलं.

एजंटने घोडबंदर रोडवरच्या एका शेअर्ड ऑफिसमध्ये बोलावलं. इंग्रजी वाचून घेतलं, टायपिंग बघितलं, महिना ३८,००० सांगितले आणि सॉफ्टवेअरच्या लॉगिनसाठी १२,५०० डिपॉझिट, सीझन संपला की परत. मी विचारलं डिपॉझिट कशाला, तर म्हणाला मॅडम मुली मध्येच सोडून जातात, क्लायंट आम्हाला दंड लावतो. नवरा म्हणाला नोकरीसाठी आपण पैसे का भरायचे, एकदा नाही तीनदा म्हणाला, आणि मी त्याच्याशी वाद घालून भरले. पैसे गेले एका माणसाच्या पर्सनल यूपीआयवर. पावती मागितली तर लेटरहेडवर सही करून दिली, त्यावर ना जीएसटी नंबर ना कंपनीचा रजिस्ट्रेशन नंबर. अपॉइंटमेंट लेटर आलंच नाही, वॉट्सअपवर "वेलकम टू द टीम" एवढंच.

नोव्हेंबरचा पगार वेळेवर आला. त्यामुळे विश्वास बसला.

आणि मला काम आवडायला लागलं होतं, हे खरं सांगते. आमच्या सगळ्या प्रॉपर्टी न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराच्या आसपासच्या. तिथला बर्फ वेगळाच प्रकार आहे, एरी लेकचं पाणी अजून गोठलेलं नसतं आणि त्यावरून थंड वारा आला की तो वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर आला की बर्फ ओततो, पण पट्टा अगदी अरुंद असतो. ह्याला तिकडे लेक इफेक्ट म्हणतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑर्चर्ड पार्कला सहा फुटांच्या वर बर्फ पडला आणि तिथून जवळच असलेल्या बफेलोच्या एअरपोर्टला साधारण तीन फूट. म्हणजे कळव्यात धो धो आणि खाडीपलीकडे ठाण्यात रिमझिम, हे आपण बघतोच की, तसंच. मी रडार बघायला शिकले, साधं मीठ साधारण उणे ९ अंश सेल्सिअसच्या खाली नीट काम करत नाही आणि मग कॅल्शियम क्लोराइड लागतं हे शिकले. एजंटकडून ड्रायव्हरचे फोटो यायचे, मी ते लॉगमध्ये चढवायचे, वेळ टाकायचे, खाली "व्हेरिफाइड बाय" मध्ये माझं नाव. मला त्याचा अभिमान वाटायचा.

डिसेंबरला पगार आला फक्त १५,०००. म्हणे सीझनल कॉन्ट्रॅक्ट आहे, क्लायंट एप्रिलमध्ये सगळं देतो. जानेवारीत काहीच नाही.

आता माझे बाबा. बाबा आमच्या कळव्याच्या सोसायटीत नऊ वर्षं सेक्रेटरी आहेत. फेब्रुवारीच्या मध्यावर ते दोन दिवस राहायला आले होते आणि दुपारी चहा घेऊन माझ्या मागे उभे राहून स्क्रीन बघत होते. मला म्हणाले, "हा फोटो कितीचा आहे गं?" मी म्हटलं जानेवारीतला, सकाळी ६:१० चा. तर म्हणाले, "तिकडे एवढ्या थंडीत सहाला ऊन पडतं का? खांबाची सावली बघ केवढी स्वच्छ आहे." मी शोधलं. बफेलोला जानेवारीत सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो. ६:१० ला तिथे मिट्ट काळोख असतो. बाबा म्हणाले, "आमच्याकडे एका गटारवाल्याने मागच्या वर्षीचे फोटो दाखवून बिल लावलं होतं, भिंतीवरचा पोस्टर जुना होता म्हणून सापडला. तू मागचे सगळे उघड."

उघडले. एक लाल पिकअप गाडी, पुढचा उजवा दिवा फुटलेला, तीन वेगवेगळ्या प्रॉपर्टीच्या फोटोत. एकाच कोपऱ्यात पडलेली एकच ट्रॉली, डिसेंबरच्या दोन आणि जानेवारीच्या चार रात्री. एका रात्री टेंपरेचर उणे १७ आणि लॉगमध्ये साधं मीठ चार वेळा, म्हणजे जे मी स्वतः शिकले तेच मला दिसलं नव्हतं. सगळे फोटो वॉट्सअपवरून यायचे, त्यामुळे कधी काढला, कुठे काढला ही आतली माहिती निघून गेलेली. आणि मी एजंटला आधी कधी विचारलं होतं की हवामान खात्याच्या आकड्यात त्या रात्री अर्धा इंचच दिसतोय, तर त्याचं उत्तर ठरलेलं, "मॅडम, लेक इफेक्ट आहे, एअरपोर्टला नाही पडला, साइटवर पडला." उत्तर बरोबरच वाटायचं, कारण तसं होतंच ना खरं.

त्या रात्री झोप नाही आली. पैशाचं नंतर, आधी हे डोक्यात की ट्रक गेलाच नव्हता आणि मी लिहून दिलं गेला म्हणून. एका अपार्टमेंटच्या वेबसाइटवरून तिथल्या प्रॉपर्टी मॅनेजरचा ईमेल शोधला आणि सगळं खरं खरं लिहिलं. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तिला वाटत होतं मी तिथेच राहणारी साइट सुपरवायझर आहे. आणि तिने लिहिलं की त्यातल्याच एका सकाळी त्यांच्या पायऱ्यांवर एक म्हातारी बाई घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यांनी विमा कंपनीला माझाच लॉग दिलाय, मीठ टाकलं होतं म्हणून. मी तो मेल वाचून रडले. त्या बाईंचं नावही मला माहीत नाही.

मी एजंटला जाब विचारला त्याच संध्याकाळी लॉगिन बंद. घोडबंदरला गेले तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली त्यांनी टेबल महिन्यापूर्वीच सोडलं. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे धरून पगाराचे ८०,००० आणि डिपॉझिट, मिळून ९२,५०० गेले. पोलीस स्टेशनला पहिल्या दिवशी "पगाराचा वाद आहे" असं ऐकून परत आले, दुसऱ्यांदा बाबांना घेऊन, यूपीआयचे ट्रान्झॅक्शन नंबर, चॅटचे प्रिंट, पावती सगळं फाइलमध्ये लावून गेले तेव्हा अर्ज घेतला. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, पण फोन केला आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, पोचपावतीचा नंबर आहे. पण तोवर डिपॉझिट भरून तीन महिने झालेले, १९३० चा खरा उपयोग पैसे गेल्या गेल्या फोन केला तर, तेव्हा पुढच्या खात्यात रक्कम अडवता येते. माझे मिळाले नाहीत अजून.

कोणी असं काम घेत असेल तर पैसे मागितले की तिथेच उठा. क्लायंट अमेरिकेतला आणि पगार कुठल्यातरी माणसाच्या पर्सनल खात्यातून येतोय तर पहिल्याच महिन्यात विचारा. जीएसटी नंबर दिला तर सरकारी साइटवर टाकून बघा, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो आणि नाव समोर येतं. आणि फोटो तुम्ही काढलेला नाही, जागा बघितलेली नाही, तर "व्हेरिफाइड" च्या खाली नाव घालू नका, "मिळालेल्या फोटोवरून नोंद" एवढंच लिहा, नाही ऐकलं तर सोडा.

ह्याच एजंटकडे आत्ता कोणी काम करत असेल तर कृपा करून त्याला काही बोलायच्या आधी स्वतःचे लॉग आणि फोटो डाउनलोड करून ठेवा. त्या मॅनेजरबाईंनी माझ्याकडे सगळ्या रात्रींचे मागितले, त्या म्हाताऱ्या बाईंच्या केससाठी. माझ्याकडे लॉगिन बंद व्हायच्या आधीचे ११ रात्रींचेच होते, तेवढे पाठवले. पडल्या त्या रात्रीचा त्यात आहे.