58 सीसीची स्वस्त चेन सॉ: सोळा महिने आणि एक झाकण

आंब्याची मोडलेली फांदी अर्धी कापून झाली होती. बार, म्हणजे चेन फिरते ती पट्टी, पुरता आत, आणि मशीन बंद. दोरी ओढली, चोक दिला, प्लग काढून पुसला. काही नाही. खाली मालक, मालकाचा भाऊ आणि दोन गडी हाताची घडी घालून उभे. दुसऱ्यांची मशीन दुरुस्त करून पोट भरणाऱ्या माणसाचं स्वतःचं मशीन असं बंद पडतं तेव्हा कुणी काही बोलत नाही, पण सगळं ऐकू येतं. दहा मिनिटांनी तेच मशीन दुसऱ्या झटक्यात सुरू झालं आणि पंधरा मिनिटांनी परत झोपलं.

मशीन घेतलं ऑक्टोबर 2024 मध्ये. 6,200 रुपये. 22 इंची बार, एक चेन, पेट्रोल मिसळायची खुणांची बाटली आणि एक कानस, जी मी पहिल्याच दिवशी भंगारात टाकली. बाकी माहिती पेटीवर असते, ती सगळ्यांना पाठ आहे. फक्त 58 सीसी हा आकडा मनावर घेऊ नका. पिस्टन 45.2 मिमीचा आहे. त्या बोअरला 58 भरायला स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, 36 मिमीचा लागतो, आणि ह्याचा तेवढा नाही. पण ह्या वर्गात सगळेच असे लिहितात, त्यामुळे तक्रार करत नाही.

घेतलं कशाला, तर दुकानात बदली मशीन हवं होतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्या दापोलीला झोडपून गेलं, तेव्हा घरांवर, रस्त्यांवर, विहिरींवर झाडं आडवी होती. तोवर माझ्याकडे ग्रास कटर आणि पंपच यायचे. त्या वर्षापासून चेन सॉ बागायतदाराच्या पडवीत आली. आता गिऱ्हाईक मशीन ठेवून जातं आणि विचारतं, "मिस्त्री, तोवर मी काय करू?" त्याच्या हातात द्यायला महागाची वस्तू परवडत नाही.

पेटीतून काढलं तेव्हा फुल रेसला मशीन किंचाळत होतं. म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. असं चालवलं तर सायलेन्सरच्या बाजूने पिस्टन धरतो, आणि मग गिऱ्हाईक म्हणतं चायना माल. कार्बोरेटरवर आधी एल स्क्रू (कमी रेसचं पेट्रोल), मग आयडलिंग, शेवटी एच (फुल रेसचं). एच पाव आटा उघडला. लाकडाबाहेर फुल रेसला किंचित भुरभुरलं पाहिजे आणि लाकडात बार घातला की आवाज मोकळा झाला पाहिजे. कानाला हे कळतं, पण मी मिनिटाचे फेरे मोजणारा टॅकोमीटरही लावतो. पहिल्यांदा त्याने 22,000 दाखवले आणि मी मशीन जवळजवळ टाकून दिलं. मग लक्षात आलं की मीटर फोर स्ट्रोकवर होता आणि मशीन टू स्ट्रोक, म्हणून आकडा दुप्पट येत होता. नीट लावल्यावर वर 11,000, खाली 2,900, आणि आयडलिंगला चेन जागेवर थांबलेली. ही शेवटची गोष्ट न बघता मशीन गिऱ्हाईकाला देऊ नये.

पेटीतली चेन दोन नारळांत संपली. नारळाचं खोड बाहेरून दगड आणि आतून चिंध्या, धार खाऊन टाकतं. नवी चेन 780 ला घेतली. .325 पिच, 86 लिंक, 4.8 मिमीची गोल कानस, 30 अंश. 86 लिंकला दात 43 येतात, एक डावा एक उजवा असे, म्हणजे एका ठिकाणी एकाच बाजूचे दोन दात शेजारी बसतात. ते बघून दर महिन्याला कुणीतरी सांगतं की मिस्त्री, तुम्ही चुकीची चेन दिलीत. चुकीची नाही. मोजा.

तर पहिले आठ महिने मी ह्या मशीनचं तोंडभर कौतुक करत होतो. मग जूनमध्ये ते पंधरा मिनिटांचं सोंग सुरू झालं.

पेट्रोलची जाळी बदलली. प्लग बदलला. पडदा कडक झाला असेल म्हणून कार्बोरेटरचा किट टाकला. तरी तेच, म्हणून कार्बोरेटरच नवा घातला, 450. गरम झाल्यावर कॉइल स्पार्क देणं सोडते हा जुना रोग, म्हणून कॉइलवर संशय घेतला. पण बंद पडल्या पडल्या प्लग तपासला तर स्पार्क ठणठणीत. दुकानात टेबलावर चालवून बघावं तर मशीन शहाण्यासारखं चालायचं, कारण टेबलावर मी तीन-चार मिनिटांच्या वर चालवतच नव्हतो.

ज्यांच्याकडून घेतलं त्यांना फोन केला. ते म्हणाले, तुमच्या पेट्रोलचा दोष, वॉरंटी नाही. पेट्रोलचा दोष हे अगदीच खोटं नाही, त्याकडे खाली येतो. पण मशीन न बघता फोनवर निदान करणारा मिस्त्री मला अजून व्हायचं आहे.

शेवटी सापडलं ते अपघाताने. मशीन बंद पडल्यावर, उगाच, टाकीत किती उरलंय बघावं म्हणून झाकण फिरवलं. सुस्स. हवा बाहेर आली नाही, आत गेली. झाकण परत लावलं, दोरी ओढली, पहिल्या झटक्यात सुरू.

ह्या मॉडेलला टाकीत हवा घ्यायचा रस्ता झाकणातच आहे. आत एक रबराची चोच असते, मुगाच्या डाळीएवढी. पेट्रोल कमी होत जातं तशी तिथून हवा आत यायला हवी. ती चोच फुगून चिकटली होती आणि बाहेरच्या भोकात भुसा आणि चेनचं तेल ह्यांची खीर बसली होती. हवा येत नाही, टाकीत ओढ तयार होते, कार्बोरेटरचा पंप बिचारा ओढून ओढून थकतो. मिश्रण पातळ होतं, रेस क्षणभर चढते, आणि बंद. दहा मिनिटांत कुठूनतरी थोडी हवा शिरते, की परत सुरू. इतकं साधं. हे मी ग्रास कटरमध्ये शंभर वेळा बघितलेलं आहे. चेन सॉ म्हटल्यावर डोकं थेट कार्बोरेटरकडे गेलं, ही माझी चूक.

आता झाकणाचं पुढचं ऐका. झाकण सुटं मिळत नाही. "पूर्ण टाकीचा सेट घ्या, 1,150." सहा हजारांच्या मशीनला तीस रुपयांचं झाकण, आणि ते हवं तर अकराशे पन्नास मोजा! सिलिंडर सुटा मिळतो, पिस्टन सुटा मिळतो, दोरीची स्प्रिंग मिळते, झाकण नाही. शिवाय पेट्रोलचं आणि तेलाचं झाकण दिसायला सारखं, दोन्ही एकाच बाजूला. बदली मशीन घेऊन गेलेल्या दोघांनी पेट्रोलच्या टाकीत चेनचं तेल ओतून आणलं. मी तेलाच्या झाकणावर पिवळा ऑइलपेंट मारला, तो पेट्रोलने महिन्यात उतरला.

झाकणापायी एवढा चिडलो होतो की मशीन विकायचंच ठरवलं. विकण्याआधी सायलेन्सर काढून आत बघितलं, आणि इथे मत थोडं बदलावं लागलं. मशीन सोळा महिन्यांचं, त्यात गिऱ्हाईकांच्या हातचा मार, तरी सायलेन्सरच्या भोकातून दिसणारा पिस्टन स्वच्छ, एक उभी रेघ नाही. रिंग मोकळी. हे स्टिल कंपनीच्या 31.8 सीसीच्या एमएस 180 चेन सॉ शेजारी ठेवलं तर वजनाने आणि थरथरीने हरतं, तासाभरात बोटं बधिर करतं. पण ऐनाच्या जाड ओंडक्यात हे चालत राहतं आणि ते थांबून विचार करतं. म्हणून विकलं नाही. रात्रभरात बारखाली तेलाचं थारोळं होतं, त्याला रद्दी पेपर घालतो.

पिस्टन स्वच्छ राहिला ह्याचं श्रेय मशीनपेक्षा मिश्रणाला द्यावं लागेल. मी लिटरला 40 मिली टू-टी, म्हणजे टू स्ट्रोकचं तेल, टाकतो, म्हणजे 25 ला 1. गिऱ्हाईकं धूर होतो म्हणून 20 वर येतात आणि मग माझ्याकडे येतात. आणि पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. आमच्याकडे जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे अर्ध्या भरलेल्या टाकीची काय कथा. पाणी जास्त झालं की इथेनॉल त्याच्यासोबत तळाशी बसतं आणि टू-टी वर पेट्रोलमध्येच राहतं. टाकीतली जाळी तळाला. म्हणजे दोरी ओढल्यावर इंजिनात आधी काय जातं? बिनतेलाचं. मशीन ठेवताना टाकी ओतून घ्या, मग सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. चोच फुगली तीही ह्या पेट्रोलनेच, असा माझा संशय आहे.

ह्या सगळ्यात एक काम नाक मुठीत धरून करावं लागलं. वाडीतल्या एका काकांकडे हेच मशीन आहे. तोच रोग. मी डिसेंबरात त्यांना नवा कार्बोरेटर घातला होता, 450 आणि मजुरी 200. मशीन दोनदा परत आलं. तिसऱ्यांदा त्यांनी आणलंच नाही, चहाच्या टपरीवर माझ्याबद्दल बोलले, ते दुपारपर्यंत मला कळलं. मी गेलो, त्यांच्यासमोर झाकण फिरवलं, सुस्स ऐकवलं, चोच पेट्रोलमध्ये धुऊन सुईने मोकळी केली. मशीन टाकी संपेपर्यंत चाललं.

"म्हणजे साडेसहाशे रुपयांचा वारा होता तर," काका म्हणाले.

पैसे पुढे केले, ते घेतले नाहीत. म्हणाले, त्यात चेनला धार लावून दे. धारेचे मी 150 घेतो, म्हणजे चार धारा होतात आणि वर पन्नास उरतात. दोन झाल्या. तिसऱ्या वेळी चेन आणली ती चिऱ्यावर घासून आणलेली, 43 पैकी एक दात धड नाही, दीड तास कानस मारली. ती एक धरायची की दोन, ह्यावर आमचं अजून जमलेलं नाही. पन्नासाचंही नाही.

माझ्या मशीनला सध्या भंगारातल्या ग्रास कटरचं झाकण आहे. दीड आटा बसतं. कुणाकडे मूळचं सुटं असेल तर सांगा, शंभरपर्यंत देईन.