चिमण्यांचं खोकं: प्लायचं करावं की पॅकिंगच्या पाइनचं?

चिमण्यांसाठी लाकडी खोकं घरीच बनवायचं ठरलं की गाडी अडते ती लाकडावर. मुंबईत जवळजवळ फुकटात मिळणाऱ्या गोष्टी दोनच, एक म्हणजे बिल्डिंगमध्ये कुणाकडे तरी फर्निचरचं काम चालू असतं तिथले प्लायचे उरलेले तुकडे आणि दुसरं पॅकिंगच्या खोक्यांच्या, पॅलेटच्या फळ्या, ज्याला सगळे सरसकट देवदार म्हणतात पण बऱ्याचदा ते पाइन असतं. मी दोन्ही केली. आमचं घर मुलुंडला तळमजल्यावर, मागे सोसायटीचं छोटंसं अंगण आहे, तिथल्या एकाच भिंतीवर दोन्ही खोकी दोन पावसाळे शेजारी शेजारी टांगलेली होती, त्यामुळे जे दिसलं तेवढंच सांगतोय. तुमच्याकडे वारा-पाऊस वेगळ्या बाजूने येत असेल तर थोडा फरक पडेल.

बनवायला प्लाय सोपं, यात वादच नाही. 12 मिमीचा तुकडा सरळ कापला जातो, गाठी नाहीत, फळी वाकडी नाही, गुण्या लावला की काटकोन मिळतो, एका रविवारी दुपारपर्यंत खोकं तयार. फक्त 32 मिमीचं भोक पाडताना मागच्या बाजूचा पापुद्रा फाटतो, तेव्हा मागे एक टाकाऊ लाकूड घट्ट धरून मगच होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, चालवा (मुंबईत नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारात सुटा मिळतो, अख्खा सेट घ्यायची गरज नाही). आणि भोक मोठं करू नका हो, 32 मध्ये चिमणी आरामात जाते आणि साळुंकी बाहेर राहते.

पाइनने मला दोन रविवार घेतले. खिळे उपटा, फळ्या रंधून सारख्या करा, आणि कडेजवळ स्क्रू मारला की फळी सरळ चिरते, म्हणून प्रत्येक स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडावं लागतं. एक फळी मे महिन्याच्या उन्हात चांगलीच बाकली. तोपर्यंत मी प्लायच्याच बाजूने होतो.

मग आला पाऊस, आणि प्रश्न आला दाराचा. दोन्ही खोक्यांची एक बाजू मी बिजागरीवर ठेवली होती, कारण चिमण्या वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा पिल्लं काढतात आणि पिल्लं उडून गेली की जुनं गवत-पिसं काढून टाकलेली बरी, त्यात बारीक किडे होतात. सप्टेंबरात प्लायचं दार उघडायला गेलो तर हलेचना. कडा फुगून दार चौकटीत रुतलं होतं. शेवटी स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं तर वरचे दोन थर सुटून हातात आले. खोकं रिकामं होतं म्हणून बरं, पण आत एखादं पिल्लू अडकलं असतं आणि मला दार उघडता आलं नसतं तर, हा विचार माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

आता पाइन फुगलं नाही का, तर फुगलं, जुलैत तेही दार घट्ट झालं होतं. पण मी दाराला चहूबाजूंनी 3 मिमी फट ठेवली होती, एका कडेवर रंध्याचे चार हात मारले आणि काम झालं, आणि ऑक्टोबरच्या उन्हात लाकूड आपोआप परत जागेवर आलं. प्लायची कड मात्र एकदा फुगली की तशीच राहते, रंधा मारावा तर थर आणखी उसवतात. माझा तरी कौल इथेच लागला.

कुणी म्हणेल मरीन प्लाय वापर. बरोबर आहे, मरीन प्लाय म्हणजे आयएस 710 या भारतीय मानकाचं प्लाय, ते पाण्यात बरंच टिकतं. पण मिस्त्रीकडून मिळालेला तुकडा 710 चा की घरातल्या कपाटाला वापरतात त्या 303 चा हे कळणार कसं, शिक्का आठ बाय चारच्या शीटवर एखाद्या ठिकाणी असतो आणि आपल्या वाट्याला येतो दुसराच कोपरा. नवीन विकत आणायचं तर एवढ्याशा खोक्यासाठी खर्च जास्त वाटतो. प्लायच घेणार असाल तर कापलेल्या सगळ्या कडांना प्रायमर चांगला पाजा, मी ते केलं नव्हतं हे मान्य करतो, केलं असतं तर कदाचित एखादा पावसाळा जास्त निघाला असता.

पाइन घेताना एक गोष्ट मात्र नक्की बघा. परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असलेला शिक्का असतो, त्यात एचटी लिहिलं असेल तर लाकूड नुसतं तापवलेलं आहे, ते घ्या. एमबी असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, ते पिल्लांच्या घराला नको. तेलाचे, केमिकलचे डाग असलेली फळीही नको.

अजून एक छोटा फायदा, पाइनची आतली बाजू मी रंधली नाही, खरबरीतच ठेवली, त्यामुळे पिल्लांना भोकापर्यंत चढायला पकड मिळते. प्लाय आतून गुळगुळीत, तिथे मला करवतीने आडव्या रेघा माराव्या लागल्या होत्या. बाहेरून दोघांनाही जवसाचं तेल लावलं, म्हणजे सुतारांचं बेलतेल, आतून काहीच नाही. स्क्रू स्टेनलेस किंवा पितळेचे घ्या, आपल्या हवेत साधा लोखंडी स्क्रू लवकर गंजतो. तळाला पाणी निथळायला चार भोकं, आणि भोकाखाली बसायला दांडी अजिबात लावू नका, चिमणीला ती लागत नाही, कावळ्याची मात्र सोय होते.

मुलांबरोबर एका दिवसात काहीतरी उभं करायचं असेल, खोकं चांगल्या पत्र्याखाली किंवा गॅलरीत आत टांगणार असाल, तर प्लाय घ्या, वाईट नाहीये. उघड्या अंगणात, जिथे जूनपासून पाऊस सरळ अंगावर येतो, तिथे मी पाइनच म्हणेन. प्लायचं खोकं आता गॅलरीत आहे, नवीन दार पाइनचंच बसवलंय, आणि आई रोज सकाळी त्याच्या खाली तांदळाच्या कण्या टाकते.