लेन असिस्टवाली गाडी: दसऱ्यापासून आतापर्यंत धारवाड, कोल्हापूर, चंदगड, चोर्ला रोडवरचा अनुभव

एडास (कॅमेरा-सेन्सरवरनं ड्रायव्हरला मदत करणाऱ्या सिस्टीम) असलेलं टॉप व्हेरिएंट घ्यावं का, आपल्याकडच्या रस्त्यावर ते लेन-बिन चालतंय का, असं मला आतापर्यंत बऱ्याच जणांनी विचारलंय, इथं बेळगावात उद्यमबागमधल्या एका शेजाऱ्यानं तर बुकिंग करायच्या आधी माझीच गाडी नेऊन फिरवून आणली. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितो. दसऱ्याला गाडी आली, आता श्रावण चालू आहे, म्हणजे उसाचा सीझन, उन्हाळा आणि पाऊस तिन्ही बघून झालं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण जे सांगालोय ते एका गाडीपुरतं नाही, काचेमागच्या कॅमेऱ्यावर चालणाऱ्या सगळ्याच गाड्यांना कमी-जास्त लागू होतंय.

माझं मशीन शॉप आहे, जॉबवर्कसाठी कोल्हापूर साइडला शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल आणि दुसऱ्या बाजूला हुबळी असं सारखं जाणं-येणं असतं. सासर चंदगडचं. वर्षातनं काही वेळा चोर्लावरनं गोवा. म्हणजे सहापदरीपासून एकपदरी डांबरापर्यंत सगळं रोजच्या वापरात येतंय.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, कारण शोरूममधली पोरंसुद्धा ह्यात गडबड करतात. लेनच्या नावाखाली तीन वेगवेगळी कामं असतात. एक नुसती वॉर्निंग, इंडिकेटर न देता चाक पट्ट्याकडं सरकायला लागलं की बीप वाजतो, काही गाड्यांत स्टेअरिंग थरथरतंय. दुसरं कीप असिस्ट, म्हणजे पट्ट्याजवळ गेलात की गाडी स्वतः स्टेअरिंगला हलका पीळ देऊन आत घेते, पॉवर स्टेअरिंगची जी इलेक्ट्रिक मोटर असते तीच हे काम करते. आणि तिसरं सेंटरिंग, जे सारखं चालू राहून गाडीला दोन पट्ट्यांच्या मधोमध धरून ठेवतंय. ह्या तिन्हींचं सेटिंग वेगळं असतं आणि तिन्हींबद्दल माझं मत वेगळं आहे, त्यामुळं "लेन असिस्ट कसं आहे" ह्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही.

आणि हे सगळं आरशामागच्या एका कॅमेऱ्यावर चालतंय. त्याला काळ्या डांबरावरचा पांढरा किंवा पिवळा पट्टा दिसला पाहिजे, बस. रस्ता कळत नाही त्याला, पट्टा कळतो. माझ्या गाडीत साठच्या पुढं स्पीड गेल्यावरच जागं होतंय, बऱ्याच गाड्यांत हा आकडा ६० ते ६५ च्या आसपास असतो. त्यामुळं गोगटे सर्कल, तिसरं रेल्वे गेट, खडेबाजार इथं ह्याचा काही संबंधच येत नाही, शहरात त्रास होईल ही भीती काढून टाका.

धारवाड रोड म्हणजे ह्या फीचरचं माहेर. हिरेबागेवाडी टोल सोडला की कित्तूरपर्यंत पट्टे बऱ्यापैकी ठळक आहेत, वळणं मोठी आणि सावकाश आहेत, तिथं सेंटरिंग लावलं की गाडी इतकी शांत जाते की हुबळीत उतरल्यावर खांदे दुखत नाहीत, हा फरक मला पहिल्या महिन्यातच जाणवला. हात मात्र स्टेअरिंगवरच ठेवायचे. माझ्या गाडीत हात आहे की नाही हे स्टेअरिंगवर पडणाऱ्या जोरावरनं कळतंय, त्यामुळं नुसता हात टेकवून सरळ चाललात तरी मधूनच "हात ठेवा" म्हणून ओरडतंय, मग थोडं हलवून दाखवावं लागतंय. ज्या गाड्यांत स्पर्श ओळखणारं स्टेअरिंग असतं त्यांत हा त्रास नाही, घेताना हे नक्की विचारा. थंडीत सकाळी लवकर निघालो की सूर्य बरोबर समोर येतो, तेव्हा डिस्प्लेवरची लेनची खूण अधूनमधून पुसट होते, म्हणजे कॅमेरा आंधळा झालाय, त्या वेळी गाडी आपणच सांभाळायची. बीप वाजवून सांगत नाही, गुपचूप सोडून देते, आणि ही गोष्ट मला अजिबात पटलेली नाही. पकडताना कळवतंय तसं सोडतानाही ठणकावून कळवायला पाहिजे.

आता कोल्हापूर रोड, इथं खरी परीक्षा होते. काकती, हत्तरगी, संकेश्वरपर्यंत ठीक. तवंदी घाटात वळणं फार टाइट नाहीत, खरं उतारावर स्पीड असला की सेंटरिंग अर्ध्या वळणापर्यंत धरतंय आणि मग सोडून देतंय, म्हणून घाट लागायच्या आधीच मी बंद करतो. पुढं निपाणी, कोगनोळी टोल, दूधगंगा ओलांडली की कागल, आणि जिथं जिथं रस्ता रुंद करायचं काम चालू आहे तिथं डायव्हर्जन. डायव्हर्जनला काय होतंय बघा, रस्ता डावीकडं सर्व्हिस रोडवर वळवलेला असतो, बॅरिकेड लावलेले असतात, खरं डांबरावर जुना पट्टा तसाच सरळ पुढं गेलेला असतो, कुणी खरवडून काढलेला नसतो. कॅमेऱ्याला तो जुना पट्टाच खरा वाटतो. आपण इंडिकेटर न देता डावीकडं वळायला गेलो की स्टेअरिंग उजवीकडं, म्हणजे थेट बॅरिकेडकडं ओढतंय. ओढ फार जोराची नसते, हातानं सहज मोडता येते, युरोपातल्या स्टेअरिंगच्या नियमात तर ही ताकद मोडायला ड्रायव्हरला ५० न्यूटनपेक्षा जास्त जोर लागू नये असं आहे, म्हणजे साधारण पाच किलोचा जोर. खरं रात्री, पावसात, समोर लाल दिवे लुकलुकतायत आणि हातातलं स्टेअरिंग उलटं ओढालंय, ही सवय नसलेल्या माणसाला घाबरवणारी गोष्ट आहे. काम चालू असल्याचा पहिला बोर्ड दिसला की असिस्ट बंद, हे मी घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला पाठ करून दिलंय.

उसाच्या सीझनबद्दल मुद्दाम वेगळं लिहितो, कारण हे बाहेरच्या कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत. दिवाळीनंतर संकेश्वर-निपाणी पट्ट्यात डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर चालू होतात, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या वाड्याखाली झाकलेला, आणि ऊस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूनं हातभर बाहेर आलेला. आपल्याकडं हायवेची लेन ३.५ मीटरची धरतात, माझी गाडी १.८ मीटरच्या जवळपास रुंद, म्हणजे मधोमध चाललं तर दोन्ही बाजूला पाऊण-एक मीटरच जागा उरते. आता शेजारच्या लेनमधनं असली ट्रॉली चाललीय, तिला पास करताना कुठलाही शहाणा ड्रायव्हर आपल्याच लेनमध्ये थोडा उजवीकडं सरकून जातो. सेंटरिंगला ते कळत नाही. ते गाडीला परत मधोमध म्हणजे उसाकडं आणतंय. त्याच्या दृष्टीनं ट्रॉली तिच्या लेनमध्ये आहे, आपण आपल्या, विषय संपला. म्हणून सीझनमध्ये त्या पट्ट्यात मी सेंटरिंग लावतच नाही, नुसती वॉर्निंग ठेवतो. आणि कृपा करून हे लक्षात घ्या की लेनचं फीचर समोरची ट्रॉली बघून ब्रेक मारत नाही, ते ऑटो ब्रेकिंगचं काम, ते वेगळं असतं.

खरं ह्याच सीझनमध्ये वॉर्निंगनं पैसे वसूल केले. कोल्हापूरहून रात्री जेवून परत येत होतो, मेव्हणा चालवत होता, मी शेजारी, मागं बायको-पोरं झोपलेली. संकेश्वरच्या अलीकडं गाडी हळूहळू डाव्या कडेच्या पट्ट्याकडं सरकायला लागली, मेव्हण्याचे डोळे उघडेच होते, खरं तो नुसताच बघत होता, कळत काही नव्हतं त्याला. बीप वाजला, स्टेअरिंग थरथरलं आणि तो दचकून सरळ झाला. थोडं पुढं शोल्डरवर पंक्चर झालेली ट्रॉली उभी होती, मागं दगड लावलेले, दिवा नाही. मी काही बोललो नाही, पुढच्या ढाब्यावर गाडी थांबवून चहा घेतला आणि तिथनं मी चालवली. त्या दिवसापासून वॉर्निंग बंद करायची नाही हे घरात ठरलंय.

रात्रीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कोरड्या रस्त्यावर रात्री हे दिवसापेक्षा चांगलं चालतंय. पट्ट्याच्या रंगात काचेचे बारीक मणी टाकलेले असतात, हेडलाइट पडला की ते चमकतात आणि कॅमेऱ्याला पट्टा स्वच्छ दिसतो. पाऊस पडला की उलटं, मण्यांवर पाण्याचा थर बसतो, चमक जाते, आणि समोरच्या गाडीच्या लाइटच्या ओल्या रेघाच पट्ट्यासारख्या दिसायला लागतात. जून-जुलैत माझ्या गाडीची लेनची खूण निम्मा वेळ पुसटच होती. आपला पाऊस म्हणजे काय असतो ते खानापूर-जांबोटीवाल्यांना सांगायला नको. वायपरचं रबर चांगलं ठेवा, कॅमेऱ्यासमोरचा काचेचा भाग आतनं-बाहेरनं पुसत जा, एवढ्यानं पण फरक पडतो.

चंदगड रोडला, म्हणजे हिंडलगा, सुळगा, बाची करून शिनोळीला राज्य बदलतंय तिथनं पुढं, पट्टा कुठं आहे कुठं नाही असा प्रकार. कडेला तांबडी माती डांबरावर आलेली, मधला पट्टा झिजलेला. तिथं गाडी एखाद्या तुकड्यात जागी होते, परत झोपते. त्यात खड्डा चुकवायला मधल्या पट्ट्यावरनं गेलं की बीप, परत आत आलं की बीप, मागं बसलेल्या आप्पांचं डोकं उठतंय. सेन्सिटिव्हिटी "लेट" वर, म्हणजे उशिरा बीप देईल अशी ठेवली आणि आवाज कमी केला तेव्हा आप्पा शांत झाले. चोर्लाचं काही सांगण्यासारखं नाही, कणकुंबीच्या पुढं धुकं आणि वळणं, स्पीडच तेवढा जात नाही, फीचर आपोआप झोपलेलं असतं आणि तेच बरं आहे.

एक चांगली सवय मात्र लागली. इंडिकेटर दिला की सिस्टीम गप्प बसते, नाही दिला की भांडते. त्यामुळं आता लेन बदलताना हात आपोआप इंडिकेटरकडं जातोय, रिकाम्या रस्त्यावर पण. बायको तर आधीपासूनच शिस्तीत चालवते, तिला ह्या गाडीत एकदाही बीप ऐकू येत नाही म्हणून ती विचारत होती की फीचर चालू आहे का नक्की!

आता खर्चाचा भाग, हा कुणी सांगत नाही. मार्चमध्ये खडीच्या टिपरमधनं दगड उडून समोरची काच गेली. काच बदलून मिळाली, गाडी घेऊन आलो, आणि दुसऱ्या दिवशी धारवाड रोडवर बघतो तर गाडी लेनच्या मधोमध न राहता डावीकडं चिकटून चालालीय. परत नेली तेव्हा कळलं की काच बदलल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचा कोन परत जुळवून घेणं, करावं लागतंय, ते केलंच नव्हतं. काच एखादा मिलिमीटर जरी इकडं-तिकडं बसली, कॅमेऱ्याचा कोन थोडा जरी बदलला तरी लांबवर बघताना तो फरक मोठा होतो. काही गाड्यांना समोर ठराविक अंतरावर टार्गेट बोर्ड उभा करून करतात, काहींना स्कॅनर लावून चांगले पट्टे असलेल्या रस्त्यावर चालवून करतात. माझं झालं, त्यानंतर गाडी नीट चालालीय. तुम्ही काच बदललीत तर बिलावर कॅलिब्रेशन लिहिलंय का बघूनच गाडी ताब्यात घ्या. इन्शुरन्समध्ये काचेला डेप्रिसिएशन कापत नाहीत, खरं कॅलिब्रेशनचा चार्ज क्लेममध्ये धरतात का ते आधीच विचारून ठेवा. आणि काच लोकल मार्केटची बसवू नका, कॅमेऱ्याचं ब्रॅकेट असलेली कंपनीचीच घ्या.

हे तंत्र मुळात मोठ्या गाड्यांसाठी आधी आलं, २००० साली युरोपात मर्सिडीजच्या अॅक्ट्रोस ट्रकमध्ये. आपल्याकडं २०२१ मध्ये एमजी अॅस्टर आणि महिंद्रा एक्सयूव्ही ७०० आल्यावर लोकांना माहीत झालं, आता तर सेडान, छोट्या एसयूव्हीत पण मिळतंय. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारला लेन सांभाळणारी सिस्टीम सक्तीची आहे. आपल्या केंद्र सरकारनं पण २०२५ मध्ये ट्रक-बसला लेन वॉर्निंग सक्तीची करायचा मसुदा काढला, आणि माझ्या मते रात्रभर बेंगळूर-पुणे मारणाऱ्या ट्रकवाल्याला ह्याची गरज माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. खरं मग डायव्हर्जनचे जुने पट्टे खरवडायचं आणि नवे मारायचं काम पण तितक्याच मनावर घ्यायला पाहिजे, त्या ड्रायव्हरला पाठीमागं पंचवीस टनाचा माल घेऊन उलटं ओढणारं स्टेअरिंग द्यायचं नाही.

परत गाडी घ्यायची झाली तर वॉर्निंग आणि कीप असिस्टवालीच घेईन. नुसत्या सेंटरिंगसाठी मात्र वरचे लाख-सव्वा लाख देणार नाही, तुमचं जाणं-येणं जास्त करून धारवाड-हुबळी असेल तर गोष्ट वेगळी. टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले कॉलेज रोडला एक चक्कर मारून आणतात, त्यात हे फीचर सुरूच होत नाही. हट्टानं हिरेबागेवाडी टोलपर्यंत न्यायला लावा, तीन वेगवेगळी सेटिंग एकेक करून चालू-बंद करून बघा, आणि चालवत असताना लेन असिस्ट एका बटणात बंद होतंय की स्क्रीनवर मेन्यूत शिरावं लागतंय हे तिथंच तपासा, मेन्यूत असेल तर ती गाडी आपल्या रस्त्याला सोयीची नाही.