कूले द सेराँ : सवडीने प्यावी अशी पांढरी वाइन

फ्रान्समध्ये लोआर नदीच्या उत्तर काठावर, आंजे शहराजवळच्या साव्हेनियेर गावात, जोली कुटुंबाची सुमारे सात हेक्टरांची कूले द सेराँ ही द्राक्षबाग आहे. बाराव्या शतकात सिस्टर्सियन या ख्रिस्ती पंथाच्या भिक्षूंनी तिथे प्रथम वेली लावल्या. या एकाच बागेला आज स्वतंत्र भौगोलिक मानांकन आहे, आणि तिथे फक्त शेनँ ब्लाँ या एकाच जातीची द्राक्षे घेतली जातात. बँकेतली नोकरी सोडून आलेल्या निकोला जोली यांनी १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात ही बाग बायोडायनॅमिक शेतीकडे, म्हणजे रसायने टाळून खास विधी आणि चंद्र-ताऱ्यांच्या गती पाळणाऱ्या शेतीकडे, वळवली. आता त्यांची कन्या व्हर्जिनी वाइनचे काम पाहते.

या शेतीचा पाया ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ श्टायनर यांनी १९२४ मध्ये दिलेल्या व्याख्यानांत आहे. गायीच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरायचे, वसंतात काढून थोडेसे खत पाण्यात तासभर उलटसुलट दिशांनी घुसळायचे आणि ते जमिनीवर शिंपडायचे, हा तिचा सर्वांत परिचित विधी. चंद्र-ताऱ्यांच्या गतीनुसार कामे आखण्याबाबत मी साशंक आहे, कारण त्याला ठोस शास्त्रीय आधार मिळालेला नाही. पण या पद्धतीत रासायनिक खते आणि तणनाशके वर्ज्य असतात, केवडा या बुरशीजन्य रोगासाठी तांबे आणि भुरी या दुसऱ्या बुरशीसाठी गंधक यांवरच मुख्यतः भिस्त ठेवावी लागते, आणि त्यामुळे वेलीकडे रोज जातीने पाहण्यावाचून गत्यंतर उरत नाही. माझ्या मते बागेचा खरा लाभ या देखरेखीत आहे. इथल्या तीव्र उतारांवर घोड्याने मशागत होते, आणि काढणीही एकदम न करता, पिकतील तसतसे घड निवडत टप्प्याटप्प्याने केली जाते.

त्याचा परिणाम पेल्यात स्पष्ट दिसतो. रंग फिक्या पिवळ्याऐवजी गडद सोनेरी असतो. बाटली उघडताच वास काहीसा बंद, मेणासारखा येतो, आणि फ्रिजमधून काढून लगेच प्यायल्यास ती फक्त जड आणि आंबट वाटण्याचा संभव असतो. तीच वाइन मोठ्या भांड्यात ओतून काही तास ठेवली आणि चौदा अंश सेल्सियसच्या आसपास प्यायली, तर आधी मध, मग भाजलेले बदाम, सुके जर्दाळू आणि शेवटी ओल्या दगडाची आठवण करून देणारी एक खारट कड जाणवते. मद्यार्काचे प्रमाण बहुधा चौदा ते पंधरा टक्क्यांच्या घरात असूनही घशाला चटका बसत नाही, कारण शेनँची आम्लता तिला तोलून धरते. उरलेली वाइन दुसऱ्या दिवशी मला अधिकच मोकळी वाटली. पांढऱ्या वाइनच्या बाबतीत हे क्वचितच घडते.

ताज्या, फळांच्या वासाच्या आणि थंडगार वाइनची सवय असणाऱ्यांना ही वाइन कदाचित भावणार नाही. किण्वन, म्हणजे रसातल्या साखरेचे मद्यार्क होण्याची क्रिया, निसर्गतः आलेल्या यीस्टवर सोपवलेले असल्याने एका हंगामाची वाइन दुसऱ्यासारखी लागेल याची हमी नसते, आणि या महाग वाइनची किंमत मोजणाऱ्याने हे आधी जाणून घेतलेले बरे. या घराण्याच्या वाइनशी पहिल्यांदाच ओळख करून घ्यायची असेल, तर त्यांच्याच ‘ले व्ह्यू क्लो’पासून सुरुवात करावी, ती तुलनेने स्वस्त आहे आणि कमी वेळ ठेवूनही खुलते.