कोडॅक आणि फुजीफिल्म : एकाच संकटाचे दोन हिशेब

डिजिटल कॅमेऱ्याचा नमुना १९७५ मध्ये कॅमेऱ्याची फिल्म बनवणाऱ्या कोडॅक या अमेरिकी कंपनीच्याच स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने तयार केला होता. त्यामुळे या कंपनीला भविष्य दिसलेच नाही असे म्हणता येत नाही, दिसूनही फिल्मवरचा घसघशीत नफा सोडवेना, एवढेच. तिची जपानी स्पर्धक फुजीफिल्म हिचे प्रमुख शिगेताका कोमोरी यांनी मात्र डिजिटल कॅमेऱ्यांमुळे फिल्मची मागणी आटणार हे गृहीत धरून, फिल्म बनवताना हाती आलेले कोलॅजनचे (त्वचेतही असणाऱ्या प्रथिनाचे) आणि रसायनांचे ज्ञान आणखी कुठे उपयोगी पडेल याचा शोध घेतला. २००७ मध्ये कोडॅकने वैद्यकीय प्रतिमांचा विभाग विकला. त्याच वर्षी फुजीफिल्मने ॲस्टालिफ्ट ही त्वचेची प्रसाधने बाजारात आणली आणि २००८ मध्ये तोयामा केमिकल ही औषध कंपनी ताब्यात घेतली. फुजीफिल्मनेही हजारो नोकऱ्या कमी केल्या, हे तिच्या कौतुकात सहसा विसरले जाते. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.