औषध भांडाराचं मोजमाप: टक्केवारी बघावी की रिकामे दिवस?

दीडदोनशे खाटांच्या रुग्णालयात औषधपुरवठा नीट चाललाय का, हे महिन्याच्या बैठकीत दोन-तीन आकड्यांत सांगायचं असेल तर कुठले आकडे घ्यावेत? सगळेच घेतले तर औषधनिर्माण अधिकारी औषधं सोडून तक्ते भरत बसतो.

सर्वात सोपा, आणि म्हणून वरिष्ठांचा लाडका आकडा म्हणजे उपलब्धतेची टक्केवारी. ठरलेल्या यादीतली किती औषधं आज भांडारात आहेत? जागतिक आरोग्य संघटनेच्या असंसर्गजन्य आजारांसाठीच्या २०१३–२०२० च्या आराखड्यातही अत्यावश्यक औषधांच्या ८० टक्के उपलब्धतेचं उद्दिष्ट होतं. मोजायला एक सकाळ पुरते, दुसऱ्या रुग्णालयाशी तुलनाही करता येते. पण हा आकडा त्या एका दिवसापुरताच खरा. तपासणीच्या आधी घाईघाईने स्थानिक खरेदी केली की तो सुधारतो. शिवाय प्रत्येक औषध ९० टक्के वेळा मिळतं आणि एकाच्या असण्या-नसण्याचा दुसऱ्याशी संबंध नाही असं धरलं, तर चिठ्ठीवरची चारही औषधं मिळण्याची शक्यता जेमतेम ६६ टक्के भरते. अहवालात नव्वद, आणि खिडकीवर दर तिसऱ्या पेशंटला ‘एवढं बाहेरून आणा’.

दुसरा पर्याय रिकाम्या दिवसांचा: कुठलं औषध वर्षात किती दिवस शून्यावर होतं. याला रोजची नोंद लागते, हीच त्याची खरी किंमत. ई-औषधीसारखी, साठ्याची नोंद संगणकावर ठेवणारी प्रणाली असेल तर तारखा आपोआप निघतात, फक्त वॉर्डात गेलेला माल त्याच दिवशी खर्च म्हणून नोंदला जायला हवा. सरसकट सरासरी मात्र काढू नये. औषधांची गरजेनुसार जीवरक्षक, आवश्यक आणि असली तर बरी अशी विभागणी करणाऱ्या व्हीईडी वर्गीकरणातली व्ही, म्हणजे ज्यांच्यावाचून जीव जाऊ शकतो अशी औषधं वेगळी काढावीत. ॲड्रेनालिन किंवा सर्पदंशावरचं प्रतिविष चार दिवस नसणं आणि बी-कॉम्प्लेक्स महिनाभर नसणं यांची बेरीज करण्यात अर्थ नाही. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला २४ तासांत २४ मृत्यू झाले, तेव्हा औषधांचा तुटवडा होता की नव्हता यावरच दोन बाजूंची विधानं झडत राहिली. औषधवार रिकाम्या दिवसांची नोंद हाताशी असली की असल्या प्रश्नाचं उत्तर नोंदवहीतूनच काढता येतं.

याच नोंदीचा आणखी एक उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. पुढच्या वर्षाची मागणी बहुतेक ठिकाणी गेल्या वर्षीच्या खपावरून लावतात. गोळ्या ९,००० खपल्या, पण तीन महिने त्या नव्हत्याच, तर खरी गरज १२,००० ची. नोंद नसेल तर मागणी ९,००० चीच जाते, आणि तुटवडा पुढच्या वर्षी परत येतो.

तिसरा आकडा मागणी नोंदवल्यापासून माल हाती येईपर्यंतचा कालावधी. इथे सरासरीपेक्षा चढउतार महत्त्वाचा. दर वेळी ६० दिवस लागत असतील तर साठा बेतता येतो. कधी ३० तर कधी १२० लागत असतील तर कितीही हुशार भांडारपाल अडकतो. पण हा कालावधी कमी करण्याचं बक्षीस लावताना जपून. १९९४ साली स्थापन झालेल्या तामिळनाडूच्या वैद्यकीय सेवा महामंडळात माल गोदामात आला तरी प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत वेगळा ठेवतात. ते दिवस कागदावर उशिरासारखे दिसतात. ते वाचवू नयेत. सरकारी रुग्णालयांना पुरवलेली बनावट अँटिबायोटिक्स टाल्कम पावडर आणि स्टार्चची होती, हे २०२४ साली नागपूर ग्रामीण पोलिसांच्या तपासात पुढे आलं. उपलब्धतेच्या टक्केवारीत असली खोकीही ‘उपलब्ध’ म्हणूनच मोजली जातात.

साठा वर्षातून किती वेळा फिरतो, म्हणजे संपून नव्याने भरला जातो, हा हिशेब खासगी रुग्णालयाला कामाचा, कारण तिथे पैसा स्वतःचा अडकतो आणि वितरक बहुधा त्याच शहरात असतो. तालुक्याच्या ठिकाणच्या सरकारी रुग्णालयात तो बाजूला ठेवला तरी चालेल. मुदत संपलेल्या मालाची टक्केवारी बघावी, पण ती नगांवर न काढता किमतीवर काढावी, आणि ती शून्य हवी असा हट्ट नको. क्वचित लागणारं जीवरक्षक औषध ठेवायचं म्हटलं की थोडं वाया जाणारच. शून्य दिसलं तर ते औषध मुळात ठेवलंच नव्हतं का, ते आधी विचारावं.

निवड करायचीच झाली तर सरकारी किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयाने व्ही-गटाचे रिकामे दिवस आणि पुरवठ्याच्या कालावधीतला चढउतार हे दोन घ्यावेत. धर्मादाय न्यास चालवत असलेल्या रुग्णालयाने पहिला तोच घ्यावा, दुसरा मुदतबाह्य मालाचा. उपलब्धतेची टक्केवारी वर पाठवावी लागत असेल तर पाठवावी, बैठकीत तिच्यावर वेळ घालवू नये. त्याऐवजी महिन्यातून एकदा, आधी न सांगता, बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीवर पन्नास चिठ्ठ्या बघाव्यात: किती जणांना सगळी औषधं मिळाली? हे काम भांडाराकडे देऊ नये. मेट्रन किंवा एखाद्या निवासी डॉक्टरकडे द्यावं. आणि संगणक नसेल तर अडून राहू नये. व्ही-गटातली वीस औषधं, भिंतीवर एक तक्ता, आणि शून्य झालं त्या दिवशी लाल फुली, एवढ्यावर पहिल्याच महिन्यापासून सुरुवात होते.